धारेलाही चॅम्फर

पंढरीचं कोपऱ्यांशी जुनं वैर होतं. सालवडच्या त्याच्या खोलीत पलंग, कपाट, स्टूल, कशालाही टोक राहिलं नव्हतं. सगळ्यांवरून त्याची कानस फिरली होती. त्याची बायको सुगंधा शेजारणींना सांगायची, "मी मुळातच गोल, म्हणून वाचले."

तारापूरच्या एमआयडीसीत बळवंतरावांच्या छोट्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. तिथे गवत कापायची, हाताने फिरवायची कुट्टी यंत्रं बनत. प्रत्येक ड्रॉइंगखाली तो वर्षानुवर्षं एकच ओळ लिहीत आला होता: सर्व कडांना चॅम्फर मारावा. म्हणजे कडा तिरप्या तासून बोथट कराव्यात. फिटर गोमा ती ओळ वाचायचा, मान हलवायचा आणि पात्याची धार तेवढी सोडून बाकीच्या कडा मारायचा. दोघांचं हे न बोलताच ठरलेलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. बळवंतरावांनी बजावलं, की दिवाळीपर्यंत पंढरीला जमलं नाही तर त्या खुर्चीत कोर्स केलेला माणूस बसेल आणि पंढरी स्टोअरमध्ये जाईल. शिवाय कॉम्प्युटरमधून निघेल तसंच बनवायचं. कुणी आपलं डोकं लावायचं नाही.

पंढरी माउसशी झटत राहिला. अखेर पडद्यावर भरीव यंत्र उभं राहिलं, आणि मग त्याला चॅम्फरचं बटण सापडलं. कानस नाही, घाम नाही, नुसत्या टिचकीने कड तासली जात होती. त्याने सगळं यंत्र निवडलं आणि टिचकी मारली. कॉम्प्युटर घुम्यासारखा बसून राहिला. पंढरी चहा पिऊन आला तेव्हा यंत्रावर एकही टोक शिल्लक नव्हतं. त्याने समाधानाने प्रिंट काढला.

चाचणीच्या दिवशी गोमाने चाक फिरवलं आणि बळवंतरावांनी स्वतः गवत घातलं. गवत गेलं तसंच अख्खं बाहेर आलं, फक्त भांग पाडल्यासारखं. ते चिडून पेंढी हातानेच आत रेटू लागले आणि पातं नेमकं त्यांच्या बोटांवर येऊन बसलं.

गोमाने घाईने चाक उलटं फिरवलं. हात बाहेर आला तेव्हा बोटं सुजली होती, पण पाचही जागेवर होती.

"पात्याला धार कुठंय?" त्यांनी गोमाला विचारलं.

"कागदावर नाय, म्हणून मी पण नाय ठेवली. डोकं लावायचं नाय, तुमीच सांगलंत."

पंढरी कॉम्प्युटरच्या खोलीतून आपला डबा घेऊन आला आणि चपला घालू लागला. बळवंतराव एकेक बोट वाकवून बघत होते. शेवटचं बोट वाकल्यावर ते म्हणाले, "चपला काढ आणि आत जा. पात्याला धार दे. त्याआधी यंत्राच्या तोंडावर असं झाकण बसव, की कुणाचा हात आत जाता कामा नये."

पडद्यावर झाकण लगेच उभं राहिलं. पंढरीने बाण चॅम्फरच्या बटणावर नेला आणि तो थांबला. उठून त्याने दारातून हळूच विचारलं, "गोमा, झाकणाला धार लागते का रे?"

गोमाने नीट विचार केला.

"नाय," तो म्हणाला. "मारा."