रूथ मावशी आणि मी न केलेली सही

छळछावणीतला तो पहारेकरी आपल्या घरी, आपल्या बिछान्यात, झोपेत गेला.

रूथ मावशी हॉस्पिटलमध्ये गेल्या. तीन आठवडे तडफडून.

आज त्यांचा स्मृतिदिन. दरवर्षी लिहायला बसते आणि लाज वाटून थांबते. यंदा लिहिते.

नव्वदच्या दशकात नागपूरहून शिकागोला आले, सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत रूथ मावशींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे.

त्या ज्यू, मूळच्या पोलंडच्या. चौदाव्या वर्षी नाझींच्या छावणीत होत्या. धाकटी बहीण तिथेच मारली गेली.

"मावशी म्हणजे काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"आईची बहीण."

"मग म्हणत जा. तसं म्हणणारं कुणी जन्मालाच आलं नाही."

त्याच छावणीतला एक पहारेकरी आमच्यापासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर राहत होता. अमेरिकेत येताना कागदांवर त्याने युद्धाच्या वर्षांपुढे 'शेतमजूर' लिहिलं होतं. खोटं बोलून मिळवलेली सिटिझनशिप काढून घ्यावी म्हणून सरकारची केस चालू होती. म्हणजे रेंगाळत होती.

मावशी, एक रिटायर्ड टीचर, एक फार्मसिस्ट, असे सात-आठ साधे लोक दर रविवारी लायब्ररीत जमायचे. साक्षीदार शोधायचे, जबान्या लिहून घ्यायचे, केस सोडू नका म्हणून अर्जावर सह्या गोळा करायचे.

टायपिंग माझ्याकडे.

मराठी मंडळातले एक काका म्हणाले, "अगं, पन्नास वर्षं झाली. म्हातारा आहे तो. आपल्याला काय करायचंय त्यांच्या भानगडीत?"

पहारेकऱ्याच्या शेजाऱ्यांचंही तेच म्हणणं. त्यांनी उलटा अर्ज काढला. माणूस सज्जन आहे, सगळ्यांचा बर्फ काढून देतो.

त्यावर आमच्यापेक्षा जास्त सह्या झाल्या.

मावशींनी जबानी दिली. त्याच्या वकिलाने विचारलं, पहारेकऱ्याच्या कोटाचा रंग कोणता होता? मावशी म्हणाल्या काळा. दुसरा साक्षीदार राखाडी म्हणाला होता. वकील नुसता हसला.

"मान वर करायची परवानगी नव्हती आम्हाला," मावशी म्हणाल्या. "त्याचे बूट विचारा."

बूट कुणी विचारले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी आमचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. "तूही सही कर. याच शहरात राहतेस ना?"

"मावशी, माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. तुमचं खरं आहे, पण माझं नाव नको."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ओके," म्हणाल्या. "यू टाइप."

गावाकडे आमची वस्ती जाळली तेव्हा माझे बाबा साक्षीसाठी गावात दारोदार फिरले होते. आग लावणाऱ्यांना सगळ्यांनी पाहिलं होतं. जो तो म्हणाला, तुमचं खरं आहे, पण माझं नाव नको. आरोपी सुटले.

हे सांगताना बाबांचा आवाज कसा व्हायचा, ते मला पाठ आहे.

तरी मी तेच वाक्य बोलले. इंग्रजीत.

शेवटी जुन्या जर्मन कागदांत त्याचं नाव सापडलं. जजने सिटिझनशिप काढून घेतली. त्याने अपील केलं आणि अपील चालू असतानाच मेला.

लोकल पेपरात फोटोसह आलं. प्रेमळ आजोबा. टोमॅटो लावायची हौस.

छावणीचा उल्लेख नाही.

मावशींनी पेपरला पत्र पाठवलं. छापलं नाही, म्हणून फोन केला. तिकडून उत्तर आलं, "मॅम, त्यांची फॅमिली दुःखात आहे."

मावशींनी फोन खाली ठेवला आणि पत्राची प्रत माझ्याकडे फाइलला लावायला दिली. समजूत घालायला तोंड कुठे होतं मला.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. माझं ग्रीन कार्ड त्यानंतर दोन महिन्यांनी आलं.

मावशींची जबानी आता एका संग्रहालयात ठेवली आहे. मागच्या वर्षी जाऊन वाचली. त्यांच्या बहिणीच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.

टायपिंग माझं.

दुरुस्तीचा अर्ज दिला. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

त्याने काही फिटत नाही, मावशी. माहीत आहे मला.

विनम्र आदरांजली. जय भीम.