भाकरतुकडा कुणी खाल्ला

आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत उठलंय की वनमालाकाकूंनी सीरियलच्या हिरोच्या कानाखाली वाजवली. साफ खोटं. काकूंनी फक्त भाकरीचा तुकडा खाल्ला. मी तिथे शूटिंगला गर्दीतल्या बायकांत उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सीरियल 'तिसरी पाळी'. संपाच्या साली एक गिरणी कामगार रात्रपाळीला जातो तो थेट आत्ताच्या मुंबईत बाहेर पडतो. ना केस पिकलेला, ना पोट सुटलेलं. मग गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांतली भुतं शोधत हिंडतो. बायको मात्र इकडे वाट बघून म्हातारी. शेवटच्या भागात तो तिच्या दारात येतो, आणि ती म्हातारी म्हणजे आमच्या काकू. इतकी वर्षं त्या सीरियलींत लग्नाला अक्षता टाकायच्या नि मयताला रडायच्या. पहिल्यांदाच वाक्य मिळालं: 'आलात? दमला असाल.' बोलायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी ओतायचं, आत घ्यायचं.

वाक्य वाचूनच काकू पेटल्या. "दमला असाल? हिंडून आला तो दमला, नि वाट बघणारी काय पलंगावर लोळत होती?"

रागाचं कारण घरातच टीव्हीसमोर बसलेलं असतं. लवूकाका, काकूंचे मिस्टर. गिरणी बंद पडली तसे 'गणपती करून येतो' म्हणून गावाला गेले ते सहा वर्षांनी उगवले. ना पत्र, ना निरोप. काकूंनी लालबागला डबे करून मुलीला वाढवलं. काका दारात उभे राहिले तेव्हा सासूने काकूंच्या हातात भाकरतुकडा दिला. तो ओवाळून टाकला की माणसाबरोबर आलेलं वाईट बाहेरच राहतं, मग मागचं काढायचं नसतं. काकूंनी ओवाळला. तेव्हापासून काही विचारलं की काका म्हणतात, "झाला तुजा सुरू!"

"आता सीरियलीत पण मीच ओवाळू? नाय ओवाळणार!"

मी लगेच मानेला झटका दिला, 'नाय'वर नाक चढवलं नि त्यांचाच आवाज काढला, "नाऽय ओवाळणार! काकू, पैज. डायरेक्टर ओरडला की गुपचूप ओवाळाल."

"हरलीस तर मी सांगेन त्या माणसासमोर माझा आवाज काढायचा."

"झकास!"

ओजससर म्हणजे डायरेक्टर. जीभ टाळूला चिकटल्यासारखे बोलतात. शूटिंगच्या दिवशी म्हणाले, "आज्जीऽ, डोळ्यांत फुल माफी हवी हां, ओके?"

हिरो सुयोग तोंडावर फवाऱ्याचा घाम घेऊन दारात आला. "मी आलो."

काकूंनी तुकडा उचलला. त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आलात? खंय होतात?"

आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश चावला.

"कट! आज्जी, हे काय?"

"भूक लागलीय. चाळीस वर्षं दारात उभी हाय ना मी."

लाईटवाले फिसकन हसले. सरांचे कान लाल. "तुमचं कॅरेक्टर असं करणारच नाही!"

"माझं कॅरेक्टर तुला काय माहीत रे?"

"नीट ओवाळा, नाहीतर दुसरी आज्जी घेतो."

"घे."

घेतली. आमच्याच गर्दीतली एक पुढे गेली, म्हणाली 'दमला असाल', गोड ओवाळलं, पाणी ओतलं. एका टेकमध्ये ओके! टाळ्यासुद्धा वाजवल्या मेल्यांनी. काकूंचं आयुष्यातलं पहिलं वाक्य दुसरीच्या तोंडात, नि काकू साडी बदलून बाकावर. मी एरवी कुणाचीही नक्कल करते, पण त्या टाळ्या ऐकून माझे दातच आवळले गेले.

घरी आल्यावर काकूंनी मला लवूकाकांसमोर बसवलं. "काढ आवाज. सहा वर्षं कुठे होते ते विचार."

"काकू, तुम्हीच विचारा ना."

"माझ्या तोंडून त्यांना ऐकूच येत नाय. पैज हरलीस ना?"

हरले होते. मानेला झटका दिला, नाक चढवलं. "सा वर्सां खंय होतात तुमी?"

"झाला तुजा..." सवयीने काका बोलून गेले, मग बघितलं तर समोर मी. काकू बाजूला, तोंड घट्ट मिटून. काका रिमोट चाचपायला लागले. तो काकूंच्या हातात होता. त्यांनी टीव्ही बंद केला.

पैजेप्रमाणे एकदाच विचारायचं होतं. मी परत विचारलं.