आडवं व्हायची भीती

"जरा टेकतो, पोरी. घ्यायचा काय नाय."

पनवेलच्या आमच्या सोफ्यांच्या शोरूमचं काचेचं दार ढकलताना ते म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणत आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कोपऱ्यातल्या तपकिरी रिक्लायनरकडे जात. गादीवर तळवा दाबून बघत, बसत, बाजूचा दांडा ओढत. पाठ मागे कलली, पाय वर आले की दोन मिनिटांत त्यांचे डोळे मिटत.

दुकानांत अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुपारच्या उन्हात एसीसाठी आत येतात, आपण बघून न बघितल्यासारखं करतो. मीही तेच करायचे. एवढंच कळलं होतं की ते जवळच्या नेरे गावचे शेतकरी. जमीन बिल्डरला दिली आणि आता मुलगा, सून, नात यांच्याबरोबर स्टेशनजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये राहतात. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

एकदा मी त्यांना बटणाची खुर्ची दाखवली. दांडा ओढायला नको, बोट ठेवलं की झालं.

"आनि लाईट गेली तर?"

"मग थोडा वेळ तशीच राहील, बाबा."

"आडवीच?" त्यांचा चेहरा असा झाला की मीच दचकले. "नको. हातानं उठता आला पायजे."

त्या दिवशी ते झोपले तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. चपला काढलेल्या पावलांवर पट्ट्यांचे खोल वळ होते आणि पावलं टम्म सुजलेली होती. श्वास घेताना गळ्याजवळ खड्डा पडत होता. ते जागे झाल्यावर मी विचारलं, "बाबा, घरी झोप लागत नाही का?"

दाराकडे बघत ते हळूच म्हणाले, "आडवा झालो का छातीत पानी चढल्यावानी वाटतं. बुडतोय असा वाटतं. भिंतीला टेकून बसून रहातो."

"किती दिवस?"

"झाला असंल महिना."

"अहो, मग डॉक्टरकडे..."

"नाय." त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. "म्हातारीला खोकला झाला म्हनून नेली. चालत गेली ती. परत आली ती चादरीत. कोनाला सांगू नको. शपथ हाय तुला."

मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला पुढे फार त्रास झाला.

त्याच रविवारी सगळं घर हॉलसाठी सोफा बघायला आलं. सून मोजायची टेप घेऊन आली होती. तिला खिडकीच्या कोपऱ्यात बसणारा मोठा राखाडी सोफा हवा होता. नात एकेका गादीवर उड्या मारून बघत होती. बाबा सरळ आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"मला ही पायजे."

मुलगा हसला. "बाबा, तुम्हाला दोन महिन्यांपूर्वीच तर नवीन पलंग घेतला."

"मी कधी काय मागतो?"

मुलाचं हसू गेलं. "द्या ही पण," तो मला म्हणाला, आणि बाबांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विनवलं: गप्प रहा.

आणि मला धडकीच भरली. उद्या ही खुर्ची त्यांच्या घरी जाईल. बाबा तिच्यात बसून रात्री काढतील, घरचे म्हणतील बाबांना टीव्हीची सवय लागली. आणि एका सकाळी ते उठणार नाहीत. खुर्ची विकणारी मी.

सून कापडाचे नमुने चाळत होती. मी तिच्याजवळ गेले. "ताई, बाबा रात्री आडवे होतात का?"

"म्हणजे?" ती चिडली. "तुम्हाला काय करायचंय?"

मी सगळं सांगितलं. तिने नमुन्यांची वही मिटली.

"चादरीवर एक सुरकुती नसते," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबा उठून आवरून ठेवतात."

आम्ही दोघींनी वळून बघितलं. बाबांना झोप लागली होती, तोंड उघडं होतं. ती धावत गेली आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरून उभी राहिली. मुलाला काही कळेना.

तिथूनच ते त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. गाडीत बसताना बाबा मला एवढंच म्हणाले, "सांगितलास."

आठ दिवस काही कळलं नाही. विचारायला मी फोन उचलायचे आणि ठेवून द्यायचे. ज्या जागेला ते एवढे घाबरत होते, तिथेच मी त्यांना पाठवलं होतं. तिथेच ते गेले तर? नवव्या दिवशी सुनेचाच फोन आला.

"खुर्ची पाठवा. बाबा घरी आलेत."

महिन्याने ते दारात उभे राहिले. वाळले होते, औषधांनी सूज उतरून पावलं हाडकुळी झाली होती. आत येईनात.

"राग हाय माजा तुज्यावर."

"असू दे, बाबा."

"मेलो असतो तिथं तर?"

मी दार धरून बाजूला झाले. ते आत येऊन साध्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

त्यानंतर वर्षभर ते अधूनमधून यायचे. मग यायचे थांबले. सुनेनेच कळवलं. मी बाराव्याला गेले. हॉल माणसांनी भरला होता. तिने मला आत नेऊन त्यांचा पलंग दाखवला.

"शेवटी शेवटी इथेच झोपायचे. एका उशीवर, आडवे. आणि घोरायचे किती! आम्ही दोघं दाराशी उभे राहून ऐकायचो. मधेच थांबलं की जीव घाबरायचा. परत सुरू झालं की झोपायला जायचो."

ती चादरीवरून हात फिरवत राहिली. चादर चुरगळलेली होती; तिने अजून बदलली नव्हती.