न बोलणाऱ्या हिरोचं अकरा मिनिटांचं स्वगत

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माती खाल्ली हो मी! आणि घरच्या घरी नाही, भरल्या ऑडिटोरियमसमोर, हातात पुठ्ठ्याचा कंदील घेऊन, अकरा मिनिटं सलग खाल्ली!

आधी घरची परिस्थिती सांगतो. माझी मुलगी रेवा, वय पंधरा. ती माझ्याशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही हं. "शाळेत काय झालं?" म्हणून विचारलं की "नथिंग." "जेवलीस?" "येस." संपलं! आईशी मात्र तासन्‌तास गुलुगुलु चालू असतं. सध्या तिच्याकडे गाडीचं लर्नर्स परमिट आहे. मोठ्या माणसाला शेजारी बसवून पन्नास तास प्रॅक्टिस करावी लागते, तर ती सगळी आईबरोबर. माझ्याबरोबर एकदाच आली. मी फक्त थोडं मार्गदर्शन केलं. घरापासून लायब्ररीपर्यंत. आणि लायब्ररीपासून घरापर्यंत.

अश्विनी, म्हणजे माझी बायको, म्हणते, "अरे, तू तिला बोलायला जागा कुठे देतोस?" आता याला काय अर्थ आहे? ती बोलत नाही म्हणून तर मला बोलावं लागतं ना!

खरं सांगतो, आत कुठेतरी तुटतं. अजून तीन वर्षांनी ही कॉलेजला जाणार आणि माझ्याकडे तिचं काय उरणार? "नथिंग" आणि "येस"!

तर या पोरीचा जीव अडकलाय एका जपानी मांगा मालिकेत. मांगा म्हणजे चित्रकथा हो, पण बावीस खंडांची. गोष्ट काय, तर एका बेटावर दीपगृह आहे, तिथे एक तरुण रखवालदार राहतो. वादळात भरकटलेली माणसं तिथे येतात, त्याला आपलं दुःख सांगतात आणि सकाळी निघून जातात. एवढंच! पण त्याच्यावर अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका आली, खरी माणसं घेऊन सिनेमा आला, गाण्यांसकट नाटक झालं, व्हिडिओ गेम निघाला आणि एक रेडिओ-नाटकसुद्धा झालं. रेवाने सगळं वाचलंय, पाहिलंय, ऐकलंय, खेळलंय. तिच्या भिंतीवर तो रखवालदार, बॅगेवर तो, दुधाच्या मगावरही तोच.

आणि एक दिवस भाजी चिरताना मला सुचलं. मंडळाचं दिवाळीचं नाटक!

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात नाटक मीच बसवतो. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, त्याची नशा अजून उतरलेली नाही. म्हटलं, या मांगाचंच मराठी नाटक करू, रखवालदार मी होतो, पोरगी खूश! अध्यक्ष देशमुखकाकू म्हणाल्या, "मिलिंद, जपानी कशाला रे? आपली नाटकं संपली का?" मी त्यांना वीस मिनिटं समजावलं. पाचव्या मिनिटालाच त्या हो म्हणाल्या होत्या म्हणे. मला ऐकू आलं नाही.

रेवाला सांगितलं आणि काय सांगू, पोरगी खुर्चीतून उठलीच! "बाबा, सीरियसली? फॉर मी?" तिने स्वतः पुठ्ठ्याचा कंदील केला, तो कसा धरायचा ते माझा हात धरून शिकवलं. वाचायला पहिला खंडही दिला. मी तो चाळला. मांगा उलट्या बाजूने वाचतात हे मला माहीत होतं बरं का! तुम्हाला वाटलं असेल, हा गडी तिथेच फसला. नाही, माझी झेप त्याच्या पुढची आहे.

चाळताना एक गोष्ट लक्षात आली. रखवालदाराच्या तोंडाशी संवादाचा जो फुगा असतो ना, त्यात नुसते तीन ठिपके. पुढचं पान, ठिपके. त्याच्या पुढचं, ठिपके! म्हटलं, वा रे लेखक! नटासाठी जागा सोडलीय! आता तुम्हीच सांगा, मराठी नाटकवाल्याला रिकामी जागा दिसली की त्यात तो काय घालतो? स्वगत! बसलो आणि एका बैठकीत लिहून काढलं.

रेवाने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तीनदा केला.

"बाबा, यू नो ना, ही नेव्हर…"

"मला सगळं माहितीये! तू फक्त बघ!"

मग दोन दिवसांनी, "नो, बट लँटर्नच्या सीनमध्ये ही डझन्ट…"

"सरप्राइज आहे बेटा, सरप्राइज!"

शेवटी जेवताना, "कॅन आय जस्ट सी द स्क्रिप्ट?"

"प्रयोगाआधी? नटराज कोपेल!" आणि मग नटराज या विषयावर मी भाजी संपेपर्यंत बोललो.

प्रयोगाचा दिवस उजाडला. हायस्कूलचं ऑडिटोरियम भरलेलं. तिसऱ्या रांगेत रेवा आणि तिच्या तीन मैत्रिणी. एकीने तर रखवालदारासारखा निळा कोट घातलेला. तिघींपैकी एकीलाही मराठी येत नाही. मग त्या मराठी नाटकाला कशाला आल्या? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

पडदा उघडला. वादळात सापडलेली बाई येते, रडते, आपलं मूल समुद्रात गेल्याचं सांगते. मी कंदील वर धरला, अगदी रेवाने शिकवला तसा. तिसऱ्या रांगेत चौघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. सगळं सभागृह चिडीचूप.

"ऐका, लाटांनोऽऽ!" मी गरजलो.

अकरा मिनिटं! लाटांशी बोललो, वाऱ्याशी बोललो, कंदिलाच्या वातीशी बोललो. सहाव्या मिनिटाला त्यात ग्रीन कार्डची रांगसुद्धा आली, कशी आली ते विचारू नका. विंगेतून अश्विनी हाताने "आवर, आवर" करत होती, मला वाटलं, "आवडलं, आवडलं" म्हणतेय. शेवटी मी गुडघ्यावर बसलो तेव्हा काकामंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. देशमुखकाकूंनी डोळे पुसले. मी कृतार्थ होऊन तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

चार खुर्च्या रिकाम्या.

घरी आलो तर रेवा जिन्यावर बसलेली. डोळे लाल.

"ही डझन्ट टॉक, बाबा. ट्वेंटी टू व्हॉल्यूम्स, एकदाही नाही. सिनेमात नाही, गेममध्ये नाही. रेडिओवर, बाबा, रेडिओवर पण तो बोलत नाही! यू जस्ट हिअर हिम ब्रीदिंग. म्हणूनच तर सगळे त्याला सगळं सांगतात."

एवढं बोलून ती वर गेली आणि दार लावून घेतलं. माझ्याशी ती सलग बोललेली वर्षातली ही सगळ्यात मोठी गोष्ट!

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. मी तिच्या दाराबाहेर उभा राहून रंगभूमी हे माध्यम वेगळं कसं, रूपांतरात मूळ कृतीला फुलवावं कसं लागतं, हे तिला समजावलं. आवाज फुटेपर्यंत समजावलं. अक्षरशः फुटेपर्यंत! डॉक्टर म्हणाले, पाच दिवस एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

त्या पाच दिवसांत अश्विनी इतकी प्रसन्न दिसत होती की मला लग्नाचे दिवस आठवले. मलाही काही सुचत नव्हतं. खिडकीशी बसायचो आणि रिकाम्या चार खुर्च्या डोळ्यांसमोर यायच्या. लेकीने आयुष्यात एकदा हात धरून काही शिकवलं, आणि मी त्याची ही गत केली!

पाचव्या दिवशी दुपारी अश्विनीची मीटिंग लांबली. रेवा हातात किल्ली घेऊन उभी. माझ्याकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "यू स्टिल कान्ट टॉक, राइट? ओके. चल."

बसलो शेजारी. बाहेर भुरुभुरु बर्फ पडत होता. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग रूट एकोणसाठच्या सिग्नलला ती आपणहून म्हणाली, "मला लेफ्ट टर्नची भीती वाटते." इथे डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडून जावं लागतं ना! मी मान हलवली. मग गणिताच्या टीचरचं निघालं. मग एका मैत्रिणीशी बिनसलंय ते. अहो, पोरगी बोलत होती! माझ्याशी! मी नुसता श्वास घेत होतो.

तिने गाडी ग्रोसरीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली आणि थांबवली. हात स्टिअरिंगवरच.

"बाबा, एक सांगू? आईला पण नाही सांगितलंय. इट्स काइंड ऑफ…"

आणि नेमका त्याच क्षणी माझा घसा सुटला हो!

"अगं बोल ना!" मी म्हणालो. "मनात काही ठेवायचं नाही. हे बघ, मी तुझ्या वयाचा असताना नाशिकला आमच्या शेजारी एक…"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग परवडला असता. मग तिने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, आणि लेफ्ट टर्नसकट आम्हाला व्यवस्थित घरी आणलं.

तिला काय सांगायचं होतं? याला आज पंधरा दिवस झाले, मला माहीत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही. काल न राहवून मेसेज केला, 'रेवा, तू सांग. मी एक शब्द बोलणार नाही.' आणि फोन समोर ठेवून बसलो.

थोड्या वेळाने स्क्रीनवर तीन ठिपके आले. हलायला लागले! म्हणजे ती लिहीत होती. एक मिनिट झालं, दोन झाली, ठिपके चालूच. केवढं मोठं लिहीत होती कोण जाणे! माझे डोळे भरून आले, अश्विनीला खुणेनेच जवळ बोलावलं.

आणि मी पाठवलं, 'घाई नाही बेटा, सावकाश लिही.'

ठिपके गेले.