काट्यावरचे पंचावन्न किलो

असले अनुभव सांगणाऱ्या माणसाला मी आजवर एकच प्रश्न विचारत आले – पावती आहे का? लोक हसायचे, विषय तिथेच संपायचा. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, आणि पंचाईत अशी, की पावती आहे.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी बावीस वर्षं वजनकाट्यावर होते. ही गोष्ट त्यातल्या वाईट वर्षांची. कपाशीवर लाल्या रोग पडायचा, पाऊस दगा द्यायचा, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. हंगामातसुद्धा गेटवर गाड्यांची रांग लागत नसे. मिस्टरांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. माणसाने रिकामं बसू नये म्हणून मी याद्या करत असे. किराण्याची, दुरुस्तीची, फोन करायच्या माणसांची… ही शेवटची यादी दरवर्षी आखूड होत गेली.

काट्याचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं. माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढते, पुन्हा वजन होतं. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे कापूस. नियम एकच – वजन होताना गाडीवर माणूस नको. भरलेल्या गाडीवर ड्रायव्हर बसून राहिला, तर तोही कापूस म्हणून मोजला जातो. त्यामुळे खिडकीतून दिवसभर माझं एकच वाक्य चालायचं – "उतरा खाली, वजन होऊ द्या!"

शमीम माझी नक्कल करायची. ती जिनिंगमधल्या कचरा वेचणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायची. कापसात केस, सुतळी, गुटख्याची पुडी काही जाऊ नये म्हणून. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लग्न मोडलं होतं, भावाच्या घरी राहायची. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये शिरायची आणि मी खुर्चीवर बसलेली असले की ओरडायची, "उतरा खाली बाई, वजन होऊ द्या!"

एका उन्हाळ्यात आठवडाभर गेटवर एकही गाडी आली नाही. पंखा गरम हवा फेकत होता. मी जुनी रजिस्टरं लावत होते, तेव्हा ती म्हणाली,
"तू एवढ्या याद्या करतं, त्यात तुह्यं काय असते व?"
"म्हणजे?"
"म्हंजे तुले काय पाह्यजे ते. मरायच्या आधी. साखर-तेल नाही… मजा."

मी हसले. पण डायरीचं कोरं पान काढलं, समास आखला, आणि आकडे घातले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. समुद्र पाहायचा. टिपेश्वरचा वाघ पाहायचा. एकमेकींची नावं लिहायला शिकायची – मी उर्दूत, तिने मराठीत. विमानात बसायचं. यावर मी कंसात 'अव्यवहार्य' असं लिहिलं, तर तिने माझ्या हातातला पेन हिसकावून तो शब्द खोडला. त्याआधीचा, चौथा आकडा – पैनगंगेच्या पाण्यात पाय सोडून अख्खी दुपार बसायचं. असे चौदा झाले. नववा आकडा तिचा. ती म्हणाली,
"साऱ्या तालुक्याचं वजन करतं तू. तुह्यं कोन करन? दुसऱ्याच्या काट्यावर जायचं आपन दोघीनं. स्कूटीसकट चढायचं. आपनच माल! आन पावती घ्यायची."

आणि शेवटी तिने नियम घातला. एकटीने केलेलं धरायचं नाही. खूण दोघींनी मिळून करायची – टिकमार्कची आखूड रेघ ती मारणार, लांब रेघ मी.

त्याच दिवशी आम्ही ऑफिसच्या लहान काट्यावर उभ्या राहून वजन केलं. मी सत्तर, ती पंचावन्न. "मी बसली त तुही स्कूटी नाही दबनार," म्हणाली.

त्यानंतरची दोन वर्षं मी काय केलं, तर तारखा ठरवल्या. सीझन होऊ दे. ऑडिट होऊ दे. रस्त्याचं काम होऊ दे. ती दर रविवारी विचारायची, "चाल न व, काहून बसून राह्यली?" आणि मी कॅलेंडरकडे पाहायचे. चौदापैकी एकही खूण झाली नाही. मग तिला कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. यवतमाळच्या दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा तिने नदीचं विचारलं. मी म्हटलं, "बरी हो, दिवाळीनंतर नक्की." तेव्हाही मी तारीखच दिली.

पुढचं वर्ष मी डबा एकटीने खाल्ला. डायरीतलं ते पान मला छळायचं. अर्धवट यादी मला सहन होत नाही; आणि ही तर पूर्णही होऊ शकत नव्हती, कारण नियम तिचा होता. तिला जाऊन वर्ष झालं त्याच्या पुढच्या रविवारी मी ठरवलं, की एका दिवसात नववा आणि चौथा आकडा करून टाकायचा, खूण न करता. मग पान फाडायचं आणि नदीत सोडायचं. यादी बंद.

शनिवारी संध्याकाळी शमीमच्या भावाकडे, रफिकभाईंच्या गॅरेजवर, हवा भरायला गेले. त्यांनी मागच्या चाकाशी बसत विचारलं, "बाई, मागं कोनी बसनार हाय का?"
"नाही."
"मंग एकाचीच हवा टाकतो."

त्याआधी जिनिंगच्या काट्यावर मी वजन करून घेतलं होतं. दुसऱ्याचा काटा खरा की खोटा, ते कळायला हवं ना. नुसती स्कूटी पंच्याण्णव. मी बसून एकशे पासष्ट. आमचे काटे पाच किलोच्या पटीत दाखवतात, हे इथेच सांगून ठेवते.

सकाळी निघाले. महागावच्या पुढे फुलसावंगीच्या रस्त्याला एक धर्मकाटा आहे. म्हणजे कोणीही पैसे देऊन वजन करून घ्यावं असा. साडेदहा वाजले असतील. लख्ख ऊन. चिटपाखरू नाही. खोलीत एक म्हातारेसे राठोडकाका दाराकडे पाठ करून रेडिओ ऐकत होते. मी काम सांगितलं. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.
"बाई, दवाखान्यात होते न वजन. फुकट होते."
"मला काट्यावरच करायचंय. पावतीसकट."
"कापूस येऊन नाही राह्यला, त बायाच येऊन राह्यल्या," ते स्वतःशीच पुटपुटले. "चढवा."

काट्याची फळी थोडी हलते, ती ओळखीची. मी मधोमध स्कूटी थांबवली, पाय टेकले. आतून आवाज आला, "दोनशे वीस."

"काका, झिरो करा. काटा सरकलाय."
मी स्कूटी खाली घेतली. दारातून आकडा दिसत होता – शून्य. स्वच्छ शून्य. पुन्हा चढले.
"दोनशे वीस."

आता मी वैतागले होते. भीती वगैरे काही नाही, खोट्या काट्याचा राग येतो तसा राग. म्हटलं, लिहा तेवढंच. स्कूटी स्टँडवर लावली, खाली उतरले आणि दारात जाऊन उभी राहिले. आता पंच्याण्णव यायला हवे होते. आकडा होता एकशे पन्नास.

काकांनी मान न वळवता म्हटलं, "दीडशे किलोची स्कूटी कोनी पाह्यली का? मागची बाई उतरली नाही वाटते."

मी वळून पाहिलं. फळीवर स्कूटी उभी. कोणी नव्हतं. वारासुद्धा नव्हता. रेडिओवर बाजारभाव चालले होते… आणि माझ्या तोंडून, बावीस वर्षांच्या सवयीने, काही विचार व्हायच्या आधीच ते वाक्य निघून गेलं –
"उतरा खाली, वजन होऊ द्या."

फळी हलली. माणूस उतरल्यावर हलते, तेवढीच. आकडा खाली आला आणि पंच्याण्णववर थांबला.

काकांनी शांतपणे पावती केली. भरलेलं वजन २२०, रिकामं ९५, निव्वळ १२५. मालाच्या रकान्यात त्यांनी गमतीने लिहिलं होतं – 'बाया २'.

मी हिशोब करायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. सत्तर आणि पंचावन्न.

मग मी काय केलं असेल? धावत जाऊन स्कूटीवर बसले. "काका, आणखी एकदा पाहा."
"एकशे पासष्ट."
"पुन्हा."
"एकशे पासष्टच हाय, बाई. काय झालं? पानी पेता का?"

मी मागच्या सीटवर हात ठेवून पाहिला. उन्हाने तापली होती. "बस," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. "शमीम, बस व. झालं वजन." काका दारात येऊन उभे राहिले होते, पण मला त्याची लाज वाटली नाही. मी काट्यावर तशीच बसून राहिले. शेवटी एक ट्रॅक्टर आला, त्याने हॉर्न दिला, तेव्हा उतरले. आकडा एकशे पासष्टच्या वर गेला नाही.

नदी तिथून फार लांब नव्हती. इतक्या लांब ती माझ्यामागे बसून आली होती. कुठून बसली असेल? दिग्रसच्या नाक्यावरून? आणि नदीच्या अलीकडे मी तिला खाली उतरवलं. दोन वर्षं तारखा देऊन थांबवलं होतं, आणि आता खुद्द मीच…

मी नदीवर गेले नाही. एकटीने केलेलं धरायचं नाही. पान फाडलं नाही. परत फिरले.

दुसऱ्या दिवशी पावती रफिकभाईंना दाखवली. सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले, पावती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता रागावतील.
"पंचावन," ते म्हणाले. "दवाखान्यात शेवटी चाळीसही नव्हती भरत, बाई. मीच उचलत होतो तिले." त्यांनी पावती माझ्या हातात दिली. "चांगली भरली म्हना मंग."

पुढच्या महिन्यात मी त्या काट्यावर पुन्हा गेले. काका होते, काटा तपासून शिक्का मारलेला होता, एकशे पासष्टच्या पुढे एक किलो नाही. यंत्राचा दोष म्हणावा, तर शून्य बरोबर होतं आणि पंच्याण्णवही बरोबर होते. फक्त पंचावन्नच चुकेल असा दोष मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही. मनाचा खेळ म्हणावा, तर आकडा काकांनी वाचला, आणि त्यांना शमीम नावाची बाई माहीतही नव्हती. बुजुर्ग वाचकांपैकी कोणाला उलगडा होत असेल तर जरूर कळवा. मला झालेला नाही.

डायरीत नवव्या आकड्यापुढे मी माझी लांब रेघ मारली आहे. आखूड रेघेच्या जागी पावती चिकटवली आहे. चौथा आकडा, नदीचा, अजून कोरा आहे.

आता मी तारखा ठरवत नाही. मनात आलं की सकाळी गॅरेजवर जाते. रफिकभाई मागच्या चाकाशी बसतात आणि विचारतात, "कितीची टाकू?"
मी सांगते, "दोघींची."
ते दोघींची हवा टाकतात. मग मी नदीच्या रस्त्याला लागते. वाटेत तो काटा दिसतो, राठोडकाका दारातून हात करतात. मीही हात करते. पण थांबत नाही; तिथे खाली उतरावं लागतं.