मनोहरने ऐकलेलं उत्तर

मनोहर गेल्याचं मला त्याच्या स्टुडिओच्या पायरीवर कळलं. कसल्याशा अर्जाला लावायचे माझे फोटो त्याच्याकडे तयार होते, ते आणायला मी सीताबर्डीवर गेलो होतो. शटर खाली ओढलेलं. शेजारचा पानवाला म्हणाला, "भाऊ तं सकाळीच गेले ना जी." मी विचारलं, "कुठे?" तो नुसताच बघत राहिला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला... त्याला आता महिना होऊन गेला. त्याच्यावर लिहा असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी टाळाटाळ केली. कारण साधं आहे. गेली पंधराएक वर्षं मी या मित्रावर मनातून चिडलेला होतो, आणि ते त्याला माहीत होतं.

त्याचा स्टुडिओ चालायचा तो मुख्यतः लग्नाळू मुलींच्या फोटोंवर. सोयरिकीची बोलणी सुरू व्हायच्या आधी फोटो पाठवायची पद्धत तेव्हा खेड्यापाड्यांत पोचली होती. बाप आपापल्या मुलींना घेऊन एसटीने यायचे आणि मनोहर त्यांना कागदी फुलांच्या कुंडीशेजारी उभं करायचा. मग तो त्या मुलीकडे इतका वेळ बघत बसे की बाहेर बाकावरचे बाप खाकरायला लागत. "अरे, फोटो काढतोस का नाडी बघतोस?" मी त्याला चिडवायचो. "तिची भीती जाऊ दे गा आधी," तो म्हणायचा. घाई त्याला ठाऊकच नव्हती. ती सगळी माझ्या वाट्याला आली होती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शहरातल्या एका मंडळाला खेड्यातल्या ठरवून केलेल्या लग्नावर वीस मिनिटांचा लघुपट काढायचा होता. हुंडा नको, मुलीची संमती हवी, असा उपदेश त्यात घालायचा होता. कथा-संवाद माझे, बाकी सगळं मनोहरचं. मी मराठीचा मास्तर. पडद्यावर नाव झळकणार म्हणून हवेत होतो. नरखेड तालुक्यातल्या एका गावात संत्र्याचे बागाईतदार तुळशीरामजी यांच्याकडे आम्ही उतरलो. त्यांच्या कमलला पाहायला त्याच आठवड्यात पारशिवनीकडचे पाहुणे येणार होते. सिनेमात दिसणार म्हटल्यावर पाहुणेही खूश झाले. नट शोधायची गरज उरली नाही. खरंच पाहणं, खरीच मुलगी, खराच मुलगा! मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं.

अडचण एकाच वाक्याची होती. मी लिहिलं होतं, की सगळ्यांसमोर बाप मुलीला विचारतो, मुलगा पसंत आहे का, आणि मुलगी लाजून हो म्हणते. तुळशीरामजींनी हा प्रश्न जन्मात कोणाला विचारला नव्हता. त्यांच्या घरात, त्यांच्या गावात तो कोणीच विचारत नसे. आदल्या दिवशी गोठ्यात म्हशीसमोर उभे राहून ते पाठ करत होते. मध्येच थांबून म्हणाले, "मास्तरजी, हे पोरीले विचारा लागते काय?"

"सिनेमात लागतं," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. कमल तिथेच शेण काढत होती. ती हसल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंज्या पडल्या. पाहुणे फटफटीवरून आले, पोहे फिरले, कमल पाटावर येऊन बसली. मनोहरचा कॅमेरा किल्लीचा. एकदा किल्ली दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालायचा. तो तिवईवर सुरू करून मनोहर टेपरेकॉर्डरपाशी, कमलच्या अगदी समोर, कानाला हेडफोन लावून बसला. तुळशीरामजींनी वाक्य बिनचूक म्हटलं. मग काहीच होईना. कॅमेऱ्याची किल्ली संपून तो बंद पडला. हा फुकट गेलेला तुकडा पुन्हा घ्यावा लागणार म्हणून मी मनातल्या मनात चरफडत होतो, तेवढ्यात मनोहरने कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "नाही म्हणते पोरगी."

मी दाराशी होतो. मला काही ऐकू आलं नव्हतं. कोणालाच आलं नव्हतं. पण त्याच्यापाशी यंत्र होतं, आणि माणसाच्या कानाला न लागणारं यंत्राला लागतं अशी तिथे सगळ्यांची खात्री होती, माझीही. मुलाचा बाप उठला. "मशीनले आलं ना ऐकू? झालं मंग." पाहुणे पोहे तसेच टाकून गेले. तुळशीरामजी मनोहरला म्हणाले, "लावून दाखवा, काय म्हटलं ते." मनोहर म्हणाला, टेप गुंतली आहे. ती गुंतली नव्हती, मला दिसत होती. मुलीची आणखी शोभा नको म्हणून थाप मारत असेल, असं समजून मी गप्प बसलो.

मंडळाने सुचवलं, कोणाकडून तरी "हो" म्हणवून घ्या आणि जोडा. मनोहर ऐकेना. त्याने काम सोडलं, लघुपट अर्धवट राहिला आणि माझं नाव पडद्यावर आलं नाही. एका मुलीच्या आयुष्यापुढे हे दुःख किती टीचभर होतं हे आज कळतं. तेव्हा मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. कमलकडे दोन वर्षं कोणी फिरकलं नाही. गावात तिला मशीनवाली म्हणत. मनोहर मात्र संत्र्याच्या हंगामात तिकडे जाई, तुळशीरामजींच्या शिव्या खाई आणि तिला शिकू द्या म्हणून त्यांच्या मागे लागे. शेवटी ती मास्तरीण झाली. पुढे तिचं लग्नही झालं, तेही ठरवूनच. फक्त त्या वेळी बापाने आधी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला त्याचं कपाट आवरायला बोलावलं. त्या दिवशी कमलही गावाहून त्यांना भेटायला आली होती. खालच्या खणात टेपचं एक रीळ निघालं, वर नुसतं गावाचं नाव. त्याचा टेपरेकॉर्डर अजून चालत होता. आम्ही तिघं ऐकत बसलो. तुळशीरामजींचा प्रश्न आला. मग विहिरीवरच्या पंपाची पटपट, कोणाची तरी बशी, कोणाचं खाकरणं. बराच वेळ तेवढंच. आणि मग एकदम जवळून मनोहरचा आवाज, "नाही म्हणते पोरगी."

मी रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. मधे एक अक्षर नव्हतं.

"कमल, तू बोललीच नव्हतीस?"

"नाही जी. तोंडच उघडलं नाही माह्यं. वर पाहिलं, तं समोर मनोहरभाऊ होते. माह्याकडेच पाहून राहिले होते."

त्या वेळी मी कुठे पाहत होतो ते मला पक्कं आठवतं. मी कॅमेऱ्याकडे पाहत होतो.

"म्हणजे मनोहर खोटं बोलला," मी म्हणालो.

कमलने पदराने डोळे पुसले. "खोटं काहून होईन, मास्तरजी? मले तेच म्हणायचं होतं."