काचेच्या ताटलीतलं लेकरू

लग्नाला बरीच वर्षं होऊनही लेकरू नव्हतं, म्हणून आम्ही दोघं नवराबायको वसमतहून औरंगाबादला टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात गेलो. गावात सांगितलं, मला मुतखडा झालाय. आई लॉजवर फोन करून "हुलग्याचं पाणी पितोस ना?" विचारायची आणि मी अगदी इमानदारीत "पितो" म्हणायचो.

बायकोची अंडी आणि माझं बीज काचेच्या ताटलीत एकत्र केलं होतं. गर्भ धरले होते आणि कपाटासारख्या एका यंत्रात वाढत होते. पहिली भीती आमच्याकडची, लोडशेडिंगची. लाइट गेली तर? मी दवाखान्यामागं जाऊन जनरेटर पाहून आलो. वॉचमननं मला डिझेलचोर समजून हाकललं.

दुसरी भीती माझ्या शिक्षणानं आणली. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, म्हणजे फळ्यावर पेशी काढतो आणि पोरं तिला आमलेट म्हणतात. तेवढ्या ज्ञानावर मी दवाखान्यातल्या बाकावर पडलेलं एक मासिक उघडलं. ताटलीत वाढलेल्या गर्भाची काही जनुकं आईच्या पोटातल्यासारखी वागत नाहीत, असं त्यात होतं. गोष्ट पोटात ठेवायची आमच्या घराण्यात रीत नाही. मी लगेच बायकोला सांगितलं.

तिच्या माहेरी हळदीची शेती. "म्हंजे सावलीतलं बेणं उन्हात राहिल्यावानी?" ती म्हणाली. तसल्या बेण्याची विरळ उगवण तिनं पाहिली होती. पुढं दोघांनाही जेवण गेलं नाही.

गर्भ पोटात सोडायच्या सकाळी तिनंच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, लेकरात काही फरक पडंल का?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "जनुकं तुमचीच राहतात. पण याच दिवसांत ती एकेक करून कामाला लागतात. ताटलीतलं पाणी, हवा हुबेहूब पोटासारखी नसते. एखादं जनुक लवकर जागं होतं, एखादं उशिरा. बहुतेक लेकरं चांगली निघतात. तुमच्याच लेकराचं मात्र मी आज छातीठोक सांगू शकत नाही."

"थांबायचं का?" मी विचारलं.

"तुमी काहून भेऊन राहिले?" बायको म्हणाली. "आत मी जाऊन राहिले, तुमी न्हाई." पण माझं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की नर्सला सोडवावं लागलं.

पोरगी झाली. वजनानं जरा हलकी. बाई म्हणाल्या, अशी कितीतरी लेकरं होतात, सगळं ताटलीवर ढकलू नका. मला ते पटायचं, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा भीती यायची. आत काय लवकर जागं झालं, काय उशिरा, हे बाहेरून कसं दिसणार? तिला शिंक आली तरी मी जनुकांपर्यंत जायचो.

ती पहिल्यांदा भिंत सोडून चालली, तेव्हा मी तिचा डावा पाय निरखत उभा होतो. वाकडा पडतोय का?

"अवो मास्तर," बायको ओरडली, "बघत काय राहिले? धरा की, पडंल ती!"

मी धावलो.